सर्टिफिकेटच्या पलीकडे

'सीएसआयची मेंबरशिप घेऊन टाक रे, रेझ्युमेवर एक ओळ वाढते!' हॉस्टेलमध्ये हा सल्ला फुकट मिळतो. पण ही ओळ आली कुठून, हे कोणी सांगत नाही.

१९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आला. मशीन एक, वापरणारे अनेक. अडलं तर विचारायचं कुणाला? एकमेकांनाच! वापरणाऱ्यांच्या अशा एकत्र येण्यातून १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. टिफ्रॅक हा देशी कॉम्प्युटर घडवणारे प्रा. आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष.

डॉक्टरला कौन्सिलची नोंदणी लागते, वकिलाला सनद. प्रोग्रॅमरला काहीच लागत नाही! मग त्याच्या कामाची जबाबदारी कोण ठरवणार? सोसायटी सक्ती करू शकत नाही, पण बोलू तर शकते ना? १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लोअर परळला त्या जागांवर आज काचेची ऑफिसं आहेत, आणि आता तिथली कामं एआय करू लागलाय. याचा हिशेब आपण नाही मांडायचा, तर कोणी?

म्हणून मला वाटतं, स्टुडंट ब्रँचने एखादी स्पर्धा कमी घ्यावी. पण महिन्यातून एकदा कँटीनमध्ये बसावं. ज्याचा प्रोग्रॅम अडलाय त्याने यावं. कधी लालबागच्या एखाद्या गिरणी कामगारालाही बोलवावं. सरांनीही जरूर यावं, फक्त हजेरीपट घरी ठेवून!