सातबारा त्यांच्या नावे, दुष्काळ आमच्या नावे

केज तालुक्यातल्या एका गावात खरिपाच्या तोंडावर सभा होती. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, भिंतीवर पांढरा पडदा, पडद्यावर रंगीत चित्रं. हवामान बदललंय, तर शेतकऱ्यांनी आता काय करावं, हे सांगायला साहेब आले होते. पुढं पुरुष बसलेले, मागं आम्ही बाया. साहेब चांगलं बोलले. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरा, मधे तुरीच्या ओळी घ्या, घरचं बियाणं उगवण तपासून वापरा, शेततळं करा, ठिबक घ्या. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. शेवटी त्यांनी अर्ज वाटले. सोबत सातबारा, आठ-अ आणि आधार जोडायचं होतं.

माझ्या शेजारची बाई उठली. "साहेब, मला बी एक द्या. शेत मीच करते."

"सातबाऱ्यावर नाव आहे का मावशी?"

"न्हाई. मालकाचं हाय."

"मग मालकांना पाठवा."

"मालक जाऊन पाच वरसं झाली."

साहेब जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आधी वारस नोंद करून घ्या. त्याशिवाय माझ्या हातात काही नाही." सभा संपली.

ते साहेब वाईट नव्हते. कुणाला टाकून बोलले नाहीत, हसले नाहीत. नियम होता तसे वागले. म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. एखादा माणूस वाईट असता तर आपण मोर्चा नेला असता. इथं नियमच असा आहे की जी बाई ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून कोंब मोजते, सत्तरच्या खाली आले तर पेरू नये हे जिला कुणी सांगावं लागत नाही, ती शेतकरी नाही. आणि जो सात वर्षं बांधावर फिरकला नाही, पण ज्याचं नाव कागदावर आहे, तो शेतकरी आहे.

हवामान बदलाबद्दल बोलताना शहाणी माणसं एक वाक्य हमखास म्हणतात : पाऊस काही बाई-पुरुष बघून पडत नाही. खरं आहे. पाऊस बघत नाही, पण पाऊस हुकल्यावर जी मदत येते ती बघते. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

आपल्या तालुक्याकडेच बघा. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे केज तालुक्यात. २०१६ साली ते इतकं आटलं की त्याच्या भरवशावर जगणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच मांजरेला सप्टेंबर २०२५ मध्ये पूर आला, काठची पिकं पाण्याखाली गेली, कुठं कुठं माती खरडून नुसता दगडगोटा उरला. नऊ वर्षांत एकाच नदीची ही दोन रूपं. दोन्ही वेळा कुणाचं काम वाढलं? विहीर आटली की हंडा लांबून आणायचा तो बाईनं. चारा संपला की जनावरासाठी वणवण बाईची. दुबार पेरणी आली की पोत गहाण जाते ती बाईची. पूर ओसरला की घरातला चिखल काढायचा बाईनं. पंचनाम्याच्या कागदावर नाव मात्र मालकाचं. या पुरानंतर राज्य सरकारनं एकतीस हजार कोटींहून जास्त रकमेची मदत जाहीर केली. ती जमिनीच्या हिशेबानं, खातेदाराच्या खात्यात. ज्या मजूर बाईची कापूस वेचणी बुडाली, सोयाबीन काढणी बुडाली, तिचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? तसा रकानाच नाही.

आकड्यांतही हेच दिसतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के भरलं. शेतात राबणाऱ्यांत आपण किती, हे कुणीही सकाळी आठ वाजता केज-अंबाजोगाई रस्त्यानं जाताना मोजावं. पंतप्रधान किसान सन्मान निधी २०१९ मध्ये आला, तो जमीन नावावर असणाऱ्या कुटुंबाला. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, तोही खास हवामान बदलाला तोंड देण्यासाठी. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. गावसमितीत बायकांच्या जागा राखीव होत्या, हे मान्य. पण तळ्याचं, ठिबकचं अनुदान सातबाऱ्यावरच. २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तोही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. म्हणजे आजवर फाइलीत असलेला अन्याय आता संगणकात पक्का झाला. २०२४ पासून सरकार बाईला बहीण म्हणून महिन्याला दीड हजार देतं. बहीण म्हणून ओळख पटते, शेतकरी म्हणून पटत नाही!

बायकांसाठी काहीच नसतं असं नाही. बायकांसाठी प्रशिक्षण असतं. बचत गटाला बोलावतात, परसबाग शिकवतात, गांडूळखत शिकवतात, फोटो काढतात. पुरुषाला तळं आणि बाईला वाफा! परसबागेला माझा विरोध नाही. पण पैसा, पाणी आणि निर्णय एकीकडे, आणि शिकवण दुसरीकडे, ही वाटणी कुणी केली? दुष्काळाशी जुळवून घ्यायला बाईला शिकवावं लागत नाही. ती जन्मभर तेच करत आली आहे. तिला हवा आहे हक्क.

असं कधी झालंच नाही, असंही नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या आया-सासवांनी खडी फोडून काढला. त्या कामांतून पुढं १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. त्या कामावर एक गोष्ट होती : हजेरीपट. जिनं हातोडा धरला तिचं नाव हजेरीपटावर. तिथं कुणी विचारलं नाही की जमीन कुणाची. मजुरी कमी होती, मुकादमाची अरेरावी होती, पाळण्याला सावली नव्हती, हे सगळं खरं. पण राबणाऱ्याचं नाव लिहून दुष्काळाची मदत देता येते, हे याच महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी दाखवलं. आज इतकी यंत्रं हाताशी असताना ते जमत नाही, असं कुणी सांगू नये.

आता बीडच्या कोयत्याकडे बघू. दसरा-दिवाळीला आपली गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात. कोरडवाहू शेत पिकलं नाही म्हणून ऊसतोड, आणि ऊसतोडीत दिवस बुडला तर दंड, म्हणून पाळीची, पोटदुखीची कटकटच नको. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेला आकडा आपण विसरलेलो नाही : बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. याला कुणी आरोग्याचा प्रश्न म्हणतं, कुणी मजुरीचा. मी म्हणते, हा शेतीचा आणि हवामानाचाही प्रश्न आहे. ज्या बाईच्या नावे दोन एकर असतं, विहिरीला पाणी असतं, तिला कोयता उचलायच्या आधी निदान विचार करता येतो. पोरींचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पोरीला एकटी ठेवून ऊसाला जायचं कसं, म्हणून लग्न. पाऊस गेला की आधी पोरीची शाळा जाते.

आणि ज्यांना सातबाराच नाही त्या? आपल्या भागात दलित आणि पारधी कुटुंबांनी गायरानं कसली. एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानानं त्यासाठी मार खाऊन लढे दिले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनं कबूल केलं. तरी कितीतरी कुटुंबं आजही कागदासाठी खेटे घालतात. माळरानावर दगड वेचून ज्यांनी माती धरली, झाडं जगवली, त्या बाया सरकारच्या लेखी अतिक्रमण करणाऱ्या. कंपनीनं झाडं लावली तर पर्यावरण, पारधी बाईनं लावली तर गुन्हा.

यावर गावातून जी उत्तरं येतात ती मला पाठ आहेत. "नाव लावलं तर बाई जमीन विकंल." दारूसाठी आणि लग्नाच्या हुंड्यासाठी आजवर जमिनी कुणी विकल्या, ते गावानंच सांगावं. "घरं फुटतील." ज्या घरात बाईचं नाव लिहिल्यानं भेग पडते, ते घर आधीच फुटलेलं असतं. "नावाची काय गरज, सगळं तिचंच तर आहे." तिचंच आहे ना, मग लिहायला का कचरता? आणि हे काही आपण शहरातून आणलेलं खूळ नाही. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढं लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली, आणि गावोगाव पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारनंही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. पण त्यातली मेख बघा : बायकोचं नाव लावायचं तर अर्ज करायचा नवऱ्यानं. कुलपाची किल्ली कुलूप लावणाऱ्याच्याच खिशात!

विधवेला तर कुणाच्या मेहरबानीची गरजच नाही. १९५६ च्या कायद्यानं ती पहिल्या वर्गाची वारस आहे. तरी महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ बायकांना विचारलं, तेव्हा सुमारे चाळीस टक्के जणींना कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. दीर म्हणतो थांब, तलाठी म्हणतो दिराची सही आण.

आता आपल्याबद्दल. इतरांना बोलायचं तर आधी स्वतःचं सांगते. मी पंधरा वर्षं शिबिरांत हक्कांवर बोलले. मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. हे मी फळ्यावर लिहून शिकवलं. आणि वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं, तेव्हा मी सही केली. माहेर तुटू नये म्हणून. त्यानं साडी दिली, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, मी शिबिराला निघून गेले. त्या सभामंडपात शेजारची बाई उठली तेव्हा मला माझी सही आठवली. आपल्यापैकी कितीजणींनी अशी सही केली आहे? हात वर करायला सांगत नाही. पण मनात मोजा. आपण मारहाणीवर बोललो, हुंड्यावर बोललो, ते बरोबरच केलं. मातीचा आणि पावसाचा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांचा, पर्यावरणवाल्यांचा म्हणून सोडून दिला.

हक्क हातात आला की बाई काय करते, तेही मराठवाड्यात दिसलं आहे. स्वयं शिक्षण प्रयोगनं उस्मानाबाद-लातूरकडे बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्यायला लावला. त्या तुकड्यात काय पेरायचं ते बाई ठरवणार. त्यांनी नगदी पिकाऐवजी खाण्याची पिकं घेतली : भाज्या, कडधान्यं, ज्वारी-बाजरी, थोड्या पाण्यावर येणारी. एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. साहेब पडद्यावर दाखवत होते ते याहून वेगळं काय होतं? फरक एवढाच की तो एकरही नवऱ्यानं दिला म्हणून मिळाला, आणि त्यानं म्हटलं तर परत जाईल. एकर पुरेसा नाही, एकरावर नाव पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जो कसतो तो शेतकरी. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात मजूर, बटाईदार, कुळं सगळ्यांना शेतकरी म्हटलं आहे, ते अंमलात आणा; ग्रामसभेनं दाखला द्यावा आणि त्यावर ओळख क्रमांक मिळावा. बायकोचं नाव लावायला नवऱ्याच्या अर्जाची अट काढा. विधवेची वारस नोंद तलाठ्यानं गावात येऊन, ठरल्या मुदतीत करावी. योजनांच्या सभा ऊसतोडीची माणसं गावात असताना घ्या. अतिवृष्टीत बुडालेल्या मजुरीची भरपाई मजूर बाईच्या खात्यात द्या. कसणाऱ्यांची गायरानं नवरा-बायको दोघांच्या नावे करा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं. अशा वर्षांत भाषणं होतात, फेटे बांधले जातात. आपण त्याऐवजी एक काम करू. प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीला आपल्या सदस्यांचे सातबारे काढून आणायचे आणि मोठ्यानं वाचायचे. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, कुणाचा नवरा जाऊन किती वर्षं झाली, हे वहीत लिहायचं. ज्यांचं नाही त्यांचे अर्ज त्याच बैठकीत भरायचे आणि सगळ्यांनी मिळून तहसीलला द्यायला जायचं.

सभामंडपातल्या त्या बाईचा अर्ज आम्ही भरला आहे. पोच मिळाली आहे. दिरानं हरकत घेतली आहे. सुनावणीच्या दिवशी आम्ही चाळीसजणी तिच्यासोबत जाणार आहोत. आणि मी भावाला निरोप पाठवला आहे की बोलायला बस. माहेर तुटलं तर तुटलं.