वाया गेलेले मत

फराळाच्या ताटाशी राजकारण काढू नये, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. पण गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता आमचे मेहुणे म्हणाले, "निवडून न येणाऱ्या पक्षाला मत देणे म्हणजे ते उकिरड्यावर टाकणे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शाळामास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिणारा. हरलेल्यांचा कैवार घेण्याची मला खोडच आहे. तेव्हा गप्प बसलो, आज बोलतो.

आमच्या गच्चीवरून मिहानचे दिवे दिसतात. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची शेते त्या प्रकल्पात गेली. आज तिथे विमानदुरुस्तीचा कारखाना आहे, संगणकाच्या कंपन्या आहेत, 'एम्स'चे रुग्णालय आहे. ते नकोत असे मी म्हणत नाही. माझेच विद्यार्थी तिथे नोकरीला आहेत. पण त्यांतल्या एकाचे आजोबा मला म्हणाले होते, "गुरुजी, भावाचं मांगून पाहू, पयले आमाले कोनं इचारलं?"

हा प्रश्न विचारणारा पक्ष या देशात होता, आणि त्याच्या जन्माला आमचे नागपूरच कारण झाले. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्याविरुद्ध राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा उभे ठाकले आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष निघाला. शेत शेतकऱ्याचेच, हा त्याचा हेका. राजेरजवाड्यांचा नि शेठजींचा पक्ष म्हणून त्याला हिणवले गेले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. तरी 1967 मध्ये त्याचे 44 खासदार आले. 1971 मध्ये 8 उरले, आणि 1974 मध्ये तो भारतीय लोकदलात विरघळला.

पुढे 1978 मध्ये 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला. तो काढला जनता पक्षाच्या सरकारने, आणि त्या पक्षात जुने स्वतंत्रवालेही होते! हक्क राहता तर जमीन वाचलीच असती असे नव्हे. पण त्या हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याची वाट बंद झाली. भूसंपादनाचा 1894 चा इंग्रजी कायदा बदलायला तर 2013 साल उजाडावे लागले.

आता इंग्लंडकडे पाहा. तिथल्या लिबरल पक्षाचे 1945 मध्ये 12 खासदार आले, 1951 मध्ये अवघे 6. त्याच पक्षाच्या बेव्हरिजनी 1942 मध्ये आखलेली सामाजिक विम्याची योजना मजूर सरकारने अमलात आणली. बेव्हरिज स्वतः 1945 मध्ये पडले होते. फेब्रुवारी 1974 मध्ये पक्षाला 60 लाख मते पडली, जागा मात्र 14! तरी त्यांनी दुकानाला कुलूप लावले नाही. 1988 मध्ये दुसऱ्या पक्षाशी मिळून ते लिबरल डेमोक्रॅट झाले. 2024 मध्ये त्यांचे 72 जण निवडून आले.

सहा उरले ते टिकले. आमचे आठ उरले ते तीन वर्षांत घर मोडून मोकळे झाले. शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढून तो दिवा पुन्हा लावला. त्यालाही आपण हेच ऐकवले, "निवडून येणार का?"

मेहुणेबुवा, लहान पक्षाला दिलेले मत खुर्ची मिळवत नसेल. पण ते एक प्रश्न जिवंत ठेवते. त्या आजोबांचा प्रश्न विचारायला सभागृहात कोणी उरले नाही, याला मते वाया गेली हे कारण नव्हे. आपण ती वाया जाऊ दिली नाहीत, हेच कारण!