जरा दम खा, गड्या!

आमच्या जिमखान्याच्या भिंतीवर ‘आराम हराम है’ ही पंडित नेहरूंची घोषणा मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहे. देश उभारायला निघालेल्या पिढीला ती शोभून दिसली. पण वजने उचलणाऱ्या मुलांच्या डोक्यावर ती टांगली म्हणजे काय होते, हे मी गेल्या वर्षी पाहिले. त्यात माझाही दोष होता. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. खांद्यावर बारबेल घेऊन आम्ही बैठका मारत होतो. एका सेटमध्ये पाच बैठका, आणि दोन सेटच्या मध्ये जेमतेम एक मिनिट. तिसऱ्या सेटनंतर आमचा एक गडी बाकावर टेकला. ‘‘जरा दम खाऊ दे रे,’’ एवढेच तो म्हणाला. शिकवणाऱ्यांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही सगळे हसलो. ‘‘आजोबा, काठी आणू का?’’ हा विनोद माझा होता. तो मुकाट्याने उठला, बारबेलखाली शिरला. तिसऱ्या बैठकीला त्याचे गुडघे लटपटले, कंबर वाकली आणि पाठीत उसण भरली. ती स्पर्धा त्याने खुर्चीवर बसून पाहिली. केवळ विश्रांती कमी पडल्यामुळेच हे घडले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण थकलेल्या माणसाची ठेवण बिघडते, आणि आम्ही त्याला दम खाऊ दिला नाही, हे मात्र खरे.

त्यानंतर मी या विषयावर हाती लागेल ते वाचू लागलो. जड वजन उचलताना स्नायूंना जी शक्ती तत्काळ लागते, ती क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या द्रव्याच्या आधारावर मिळते. स्नायूत त्याचा साठा थोडाच असतो. पुरता जोर लावला, तर दहाएक सेकंदांत तो बराचसा खर्च होतो. विश्रांती घेतली की साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरून येतो. पण तो जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. हे द्रव्य १९२७ साली हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासह ज्यांनी शोधून काढले, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. आपल्याच देशाच्या सुपुत्राने दाखवून दिलेली गोष्ट आपल्याच जिमखान्यात पोहोचू नये, याला काय म्हणावे?

म्हणजे बाकावर बसलेला खेळाडू रिकामा बसलेला नसतो. त्याचे शरीर पुढच्या सेटची तयारी करीत असते. ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय असलेल्या २१ तरुणांचे दोन गट करून त्यांच्याकडून आठ आठवडे तोच व्यायाम करून घेतला. फरक एवढाच, की एका गटाला दोन सेटमध्ये एक मिनिट विश्रांती आणि दुसऱ्याला तीन मिनिटे. ताकद जास्त वाढली ती तीन मिनिटे बसणाऱ्यांची! अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनेही २००९ साली, ताकदीसाठी करावयाच्या मुख्य व्यायामात दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी, दुय्यम व्यायामात एक ते दोन मिनिटे पुरतात, असे सांगितले आहे.

यावर जुनीजाणती माणसे म्हणतील, ‘‘तालमीतला पैलवान शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, तो कुठे घड्याळ लावून बसतो?’’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्या मेहनतीने दमसास वाढतो. दमसास वेगळा आणि जड वजन पेलण्याची ताकद वेगळी. कबड्डीला दोन्ही हवीत. म्हणून दमसासाची मेहनत एका दिवशी करावी आणि ताकदीची दुसऱ्या दिवशी. दोहोंची खिचडी केली की धड एकही पदरात पडत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. जिमखाना एक तास उघडा, मुले वीस आणि बारबेल मोजके. मला वाटते, यातच उपाय दडलेला आहे. चौघांनी मिळून एक बारबेल घ्यावा. तिघांचे सेट आणि वजनांची अदलाबदल होईपर्यंत चौथ्याला आपोआप तीनएक मिनिटे मिळतात. व्यायामाचे प्रकार सहाऐवजी तीन ठेवावेत. विश्रांती म्हणजे गप्पांचा फड किंवा मोबाईलमध्ये पंधरा मिनिटे डोके घालणे नव्हे, हेही आम्ही मुलांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

विश्रांतीचा मान खेळाच्या नियमांनीही राखला आहे. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत नाव पुकारल्यावर वजन उचलायला सुरुवात करण्यासाठी एक मिनिट मिळते. पण लागोपाठ त्याच खेळाडूची पाळी आली तर दोन मिनिटे. मात्र नियम असून भागत नाही, तो मागणारा कोणीतरी लागतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव जपानच्या इशीशी दीर्घ झुंज देऊन आखाड्याबाहेर आले, आणि लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. त्यांचे कांस्यपदक आपण अभिमानाने मिरवतो. पण त्या हुकलेल्या अर्ध्या तासाची आठवण किती जणांना आहे?

कुस्त्यांमधला अर्धा तास आणि सेटमधली तीन मिनिटे यांत अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण दोन्हीकडे खेळाडूच्या बाजूने बोलणारा माणूस हवा. जिमखान्यात तो माणूस म्हणजे शिकवणारे सर, आणि ते नसतील तर आम्ही सोबती. त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकानेही तोंड उघडले नाही. मी उघडले, ते हसण्यासाठी.

जिमखाना समितीला माझी एकच विनंती आहे. भिंतीवरची घोषणा खुशाल राहू द्या. पण तिच्याखाली सेकंदकाटा असलेले एक मोठे घड्याळ लावा. आमचा तो गडी आता बरा होऊन पुन्हा सरावाला येतो. परवा दुसऱ्या सेटनंतर तो बाकाकडे न जाता माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी बाकावरची टॉवेलं बाजूला सारली आणि म्हणालो, ‘‘बस. जरा दम खा, गड्या!’’