ऑपरेशन झालेल्यांनी सहावे शील तूर्त थांबवावे

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या वस्त्यांमधल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. पौर्णिमेला, अष्टमीला उपासिका पांढरी वस्त्रे नेसून अष्टशील घेतात आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवत नाहीत. धडधाकट माणसाला याने अपाय होत नाही. जिभेला वळण लागते, मन थाऱ्यावर येते. त्याविरुद्ध आमचे काहीही म्हणणे नाही.

आमचे म्हणणे आहे ते वजन कमी करण्याचे ऑपरेशन झालेल्यांबद्दल. हे ऑपरेशन आता फक्त मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांचे राहिलेले नाही. साखर, बीपी, दुखणारे गुडघे आणि झोपेत अडकणारा श्वास यांनी बेजार झालेली आपली माणसेही ते करून घेतात. पण घरी आल्यावर कित्येक जणी ते लपवतात. ‘खाऊन खाऊन फुगली आणि आता पोट कापून घेतलं’ हा टोमणा कोणाला ऐकायचा असतो? मग विहारात चारचौघींसारखेच शील घ्यायचे, चारचौघींसारखेच दुपारनंतर तोंड बंद ठेवायचे, आणि खीरदानाला वाटी पुढे आली की नाही म्हणायचे नाही. या तिन्ही गोष्टी अशा पोटाला महागात पडतात.

का, ते समजून घेऊ. आपल्या जठरात एरवी लिटरभर, त्याहूनही जास्त मावते. जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या ऑपरेशननंतर उरलेल्या नळीत जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप मावतो. बायपासमध्ये याहूनही लहान पिशवी ठेवतात. पहिले काही दिवस पाण्यासारखे पातळ, मग दूध-ताक-वरण, मग मऊ कालवलेले, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी रोजचे जेवण, अशा पायऱ्यांनी जावे लागते. जखम भरायला आणि अंगातले मांस टिकायला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच. पाणी दीड ते दोन लिटर लागते, तेही घोट घोट. जेवताना पाणी पिता येत नाही आणि जेवल्यावर अर्धा तास थांबावे लागते.

आता हिशेब करा. एका वेळी कपभरच मावते, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे लागणार. सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात हे सारे बसवायचे कसे? बसत नाही. बसवायला गेले तर उलट्या होतात. पाणी कमी पडले की लघवी गडद होते, चक्कर येते, सलाइनची पाळी येते. उलट्या आणि उपाशीपोट असे बरेच दिवस चालले तर बी-१ जीवनसत्त्व संपते. मग डोळ्यांना एकाचे दोन दिसू लागतात, चाल डगमगते, माणूस गोंधळतो. हे नुकसान कधी कधी कायमचे राहते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना दुपारनंतर काही खाल्ले नाही, तर साखर एकदम खाली येते.

खिरीचेही तसेच. विशेषतः बायपास झालेल्यांनी गोड खाल्ले की ते झपाट्याने आतड्यात उतरते. छाती धडधडते, दरदरून घाम येतो, पोटात कळ येते, जुलाब होतात. प्रेमाने दिलेली वाटी असली तरी पोटाला ते कळत नाही.

‘पण मग शीलाचे काय?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो, शील आपण कोणा देवाला बोललेला नवस नाही. ते मोडले म्हणून कोणी कोपत नाही. ‘समादियामि’ म्हणजे हे शिक्षापद मी स्वतः घेते. जे स्वतः समजून घ्यायचे, ते समजूनच काही काळ बाजूला ठेवता येते. उरलेली सात शीले पोटावर अवलंबून नाहीत. खोटे न बोलणे, चोरी न करणे, नशा न करणे यांना कोणत्या डॉक्टरची मनाई आहे?

खुद्द तथागतांचे जीवन पाहा. उपासमारीने देह झिजवून काही हाती लागत नाही, हे कळल्यावर सिद्धार्थ गौतमांनी ती तपश्चर्या सोडली, सुजाताचे अन्न घेतले आणि त्यानंतरच त्यांना बोधी प्राप्त झाली. विनयपिटकात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्याची मोकळीक आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि रोग्याची सेवा ही आपलीच सेवा आहे, असे संघाला बजावले, ही कथाही तिथलीच. जिथे भिक्खूंनाही आजारात सवलत आहे, तिथे आपण घरसंसारी उपासिकांवर पहारा ठेवणारे कोण?

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. इन्सुलिन, पथ्य, वेळेवर जेवण यांची काळजी डॉक्टर असलेल्या माईसाहेब घेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले आहे. जो ग्रंथ आपण वर्षावासात वाचतो, तो एका आजारी माणसाने औषधे घेत पूर्ण केला. उपचाराला कमी लेखणे त्यांच्या वारसाला शोभत नाही.

उपासाची जुनी सवय पांढऱ्या साडीत परत घरात येऊ नये, हीही आमची काळजी आहे. एकादशी सोडली आणि उपोसथाला तिचाच धाक दिला, तर आपण काय सोडले?

आता कामाचे. ऑपरेशन झालेल्यांनी वर्षावासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळ्या-इन्सुलिन मनाने कमी-जास्त करू नये. महागड्या पावडरीच्या डब्यांआधी अंडी, वरण, ताक, मऊ शिजलेले मासे पाहावेत; मात्र लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते, त्याचा खर्च ऑपरेशनआधीच धरावा. पहिले सहा आठवडे भरलेली घागर उचलू नये. पंचांग प्रणामाऐवजी खुर्चीवर बसून हात जोडावेत, आणि वाचन लांबले तर मधेच उठून चार पावले चालावे, कारण एका जागी बसून पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. दीक्षाभूमी वर्ध्याहून ७५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण गर्दीत तासन्‌तास उभे राहावे लागते. चैत्यभूमीची रांग तर त्याहून मोठी. पहिल्या वर्षी गोपुरीच्या स्तूपापाशी किंवा आपल्या विहारातच वंदना केली तरी चालते. ताप, पोटात वाढती कळ, डाव्या खांद्यात दुखणे, फार जलद नाडी, दम लागणे, एका पोटरीला सूज किंवा न थांबणारी उलटी, यांतले काहीही झाले तर वंदना अर्धी टाकून दवाखाना गाठावा. रात्र काढू नये.

विहार समित्यांना आमचे एवढेच मागणे आहे. भिंतीला लागून चार खुर्च्या मांडा. पिण्याचे पाणी हाताशी ठेवा. खीर वाटताना शेजारी ताक किंवा वरणाचे पाणी ठेवा, आणि कोणी नाही म्हटले तर आग्रह करू नका, कारणही विचारू नका. शील देण्याआधी एक वाक्य मोठ्याने सांगा: आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि ऑपरेशन झालेल्यांनी सहावे शील घेऊ नये. हे सर्वांसमोर सांगितले, म्हणजे कोणा एकीला आपले पोट उघडे करून दाखवावे लागणार नाही.