शंभर किलोचा ठोकळा

"बायकांना जमत नाही" हे वाक्य आपण साऱ्याजणी चुलीपासून संसदेपर्यंत ऐकत आलो. आता ते माडाच्या शेंड्यावरून ऐकू येऊ लागले आहे. नारळ पाडायला माणूस मिळत नाही ही ओरड कोकणात, गोव्यात, केरळात कित्येक वर्षे चालू आहे. मग यंत्र आले, यंत्रापाठोपाठ प्रशिक्षण आले, प्रशिक्षणात बायका आल्या आणि वर्तमानपत्रात त्यांचे फोटो आले. वर्षा-दोन वर्षांनी त्यातल्या बऱ्याचजणी माडावर दिसेनाशा झाल्या की निष्कर्ष तयार असतो : संधी दिली होती, बायका टिकल्या नाहीत. माझे म्हणणे असे की आधी यंत्र तपासा, पट्टा तपासा, दोरी तपासा. बाईची जिद्द मागाहून तपासू.

माडावर चढणे हे कधीच "खुले" काम नव्हते. ते जातीचे काम होते. कोकणात भंडारी, गोव्यात रेंदेर, केरळात ईळव आणि तिय्या. माडी काढणारा आणि नारळ पाडणारा पाडेली हा बागायतदाराच्या अंगणात ओटीखाली उभा राहणारा माणूस. पायाला दोरीचा वेढा, कमरेला कोयता, खोडात पाडलेल्या खाचा आणि पडलाच तर नशीब. या माणसांची मुले मुंबईला गेली, आखातात गेली, आणि गेली ते बरेच झाले. पण ज्या कामातून पुरुष बाहेर पडतो नेमके त्याच कामाचे दार बाईसाठी अचानक उघडते, ही गोष्ट आपण शेतमजुरीत पाहिली आहे, आता माडावर पाहतो आहोत. २०११ साली नारळ विकास मंडळाने केरळात 'नारळ वृक्षाचे मित्र' हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यात तरुणांबरोबर स्त्रियाही होत्या. सहा दिवसांचे शिबिर, हातात यंत्र, वर विमा. कल्पना चांगलीच होती. मी तिच्या विरोधात नाही. केरळात कितीतरी बायकांनी त्यावर घर चालवून दाखवले आहे.

शिबिरात बहुधा जे यंत्र मिळते ते कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या जोसेफ यांनी बनवलेल्या धर्तीचे. हा माणूस शेतकरी, कुठल्या प्रयोगशाळेतला नव्हे, हे मुद्दाम सांगते. यंत्राचे दोन भाग, डावा आणि उजवा. प्रत्येकाला खाली पाय ठेवायची पट्टी, वर हाताची मूठ, आणि खोडाभोवती घालायचा तारेच्या दोराचा वेढा. एका पायावर भार टाकला की त्या बाजूचा वेढा खोडाला आवळतो. मग दुसरा पाय मोकळा करून वर सरकवायचा. जिना चढल्यासारखे. ऐकायला सोपे.

आता माडाकडे नीट पाहा. बुंध्याशी तो जाड, वर जाईल तसा बारीक. म्हणजे खाली घट्ट बसवलेला वेढा वर पोहोचेपर्यंत सैल पडतो आणि पाय ठेवायची पट्टी पुढून खाली झुकते. म्हणून जाणता चढणारा बुंध्यापाशीच वेढा असा बांधतो की पट्टी थोडी वर कललेली राहील, म्हणजे शेंड्याशी ती सपाट येते. हा अंदाज प्रत्येक माडाला वेगळा, आणि चढणाऱ्याच्या पायाला, उंचीला, वजनालाही वेगळा. पायाचा पट्टा किती आवळायचा, मूठ छातीशी येते की डोक्याशी, वेढ्यावरचे रबर झिजले का, आकड्यापाशी तारेचे केस तुटून वर आले आहेत का, हे सगळे जमिनीवर पाहायचे असते. सहा दिवसांत चढायला शिकवतात. यंत्र आपल्या अंगाला लावून घ्यायला शिकवायला मात्र वेळ उरत नाही. शिकवणारा यंत्र स्वतःच्या मापाने लावतो, रांगेतल्या वीसजणी त्याच मापावर चढतात.

आमच्या तालुक्यात बचत गटांच्या बायकांसाठी असे शिबिर झाले, तेव्हा मी सहाही दिवस तिथे होते. पायाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळूनही दोघींचे पाऊल त्यात हलत होते. मोठे बूट घालून, आत कापड कोंबून त्या चढल्या. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या यंत्राचा ठाऊक असलेला धोका म्हणजे हात सुटला की माणूस मागे कलंडतो आणि पायांवर उलटा लटकतो. केरळात अशा लटकलेल्या माणसांना अग्निशमन दलाने उतरवल्याच्या बातम्या येत असतात. ज्याचे पाऊल पट्ट्यात पक्के आहे तो निदान लटकतो तरी!

याच कारणाने कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेने पुढे या यंत्राला सुरक्षा-जोड तयार केली. पण यंत्र ही एक वस्तू आणि पट्टा ही दुसरी वस्तू, असा हिशेब झाला की काटकसर कुठे होते ते मी सांगायला हवे का? आमच्याकडे वीस यंत्रांमागे पट्टे चार आले. पाचवी बाई चढली ती कमरेला नायलॉनची दोरी बांधून. नायलॉन उन्हात कमकुवत होत जातो, गाठीपाशी दोरीची ताकद आणखी कमी होते, आणि नुसत्या कमरेला बांधलेली दोरी पडताना बरगड्यांत घुसते. ही दोरी म्हणजे सुरक्षिततेचा देखावा आहे.

जे चार पट्टे आले त्यांची कथा आणखी बोलकी. छातीवरचा पट्टा नेमका स्तनांवर येतो, म्हणून बायका तो सैल करतात. सैल पट्टा पडताना वर सरकतो, गळ्यापर्यंत. मांड्यांचे पट्टे साडीवर बसत नाहीत. बायका नवऱ्याची पँट घालून आल्या, तर गावाने दोन दिवस त्याच विषयावर चर्चा केली. कुणालाही हे सुचले नाही की पट्ट्यात मापे असतात. लहान, मध्यम, मोठे. कपड्याच्या दुकानात जे शेंबड्या पोरालाही कळते ते खरेदी करणाऱ्या साहेबांना कळले नाही.

आणि माप म्हणजे केवळ लांबी-रुंदी नव्हे. उंचावरून पडणाऱ्या माणसाचा झटका शोषण्यासाठी दोरीत एक घडी घातलेली पट्टी शिवतात. पडताना तिची शिवण उसवत जाते आणि धक्का कमी होतो. युरोपात या पट्टीसाठी ई.एन. ३५५ नावाचे मानक आहे. चाचणीत १०० किलोचा ठोकळा पाडतात आणि झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहावा अशी अट असते. ६ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने ६०० किलोचा ओढा. शंभर किलोच्या माणसाला तो स्वतःच्या वजनाच्या सहापट. तेवढाच झटका पंचेचाळीस किलोच्या बाईला बसला तर तो तेरापट! चाचणीतल्या ठोकळ्याला ना मान असते, ना पाठीचा कणा, ना गर्भाशय. आमच्या शिबिरातल्या पट्ट्यांत तर ही घडीची पट्टी नव्हतीच. पण ती असती तरीही कुणासाठी तपासलेली असती, हा प्रश्न उरतोच. आमच्या बायका भात लावून, पेज खाऊन पंचेचाळीस किलोच्या राहिल्या, त्याला त्यांचा दोष मानायचा की काय?

दोरीला माणसाप्रमाणे लावून घेता येते, हे काही नवे ज्ञान नाही. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली एक गाठ सांगितली, ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. बारीक दोरीचे वेढे जाड दोरीवर घालायचे. भार पडला की गाठ आवळते, भार काढला की सरकते. परदेशात झाडांची छाटणी करणारी माणसे दोरावर चढतात ती अशाच गाठी किंवा त्यांच्या जागी आलेली धातूची साधने वापरून. वजनदार माणूस एक वेढा वाढवतो, हलका एक वेढा कमी करतो, नाहीतर गाठ त्याच्या भाराने सुटतच नाही. दोर ओला झाला, नवा आला, जाडी बदलली की पुन्हा जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून पाहायचे, मगच वर जायचे. म्हणजे साधन चढणाऱ्याच्या अंगाला जुळवणे हा त्या धंद्यात कौशल्याचा भाग मानतात, लाड मानत नाहीत. अमेरिकेत २००९ पासून स्त्रियांनीच स्त्रियांसाठी झाडावर चढण्याची शिबिरे सुरू केली ती अशाच गरजेतून. माडाला फांदी नाही, तिथे त्यांची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही हे मला कळते. पण आपल्याकडे भुवनेश्वरला शेतकरी स्त्रियांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून आहे. बाईच्या मुठीला, उंचीला, ताकदीला जुळणारी अवजारे हा तिथला अभ्यासाचा विषय आहे. मग खरेदीच्या कागदावर बाईचे माप का येत नाही?

काही कार्यकर्त्या मैत्रिणी मला विचारतात, "मुळात हे जीवघेणे काम बायकांनी मागावेच का?" त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण ऊस तोडताना, विटा वाहताना, इमारतीच्या परातीवर चढताना बाईचा जीव जातो तेव्हा ते काम "तिला शोभत नाही" असे कुणी म्हणत नाही. माडाचे काम झाडामागे रोख पैसे देते, आणि शेतावरच्या दिवसाच्या मजुरीत बाईला पुरुषापेक्षा कमी देण्याची जी रीत आहे ती इथे लावता येत नाही; माड तोच, नारळ तेच. म्हणूनच गावाला ते टोचते. "बायलमाणसां माडार चडतली?" असे विचारणाऱ्याला बाईच्या पडण्याची काळजी असती तर त्याने पट्टा मागितला असता. ठेंगू जाती लावा म्हणजे प्रश्नच मिटेल, असे सांगणारेही भेटतात. लावा की. पण बागेतले उंच माड साठ-सत्तर वर्षे जगतात, तोवर त्यांचे नारळ कोण पाडणार?

एक गोष्ट मात्र बायकांच्या बोलण्यातून मला नव्याने कळली. त्या जोडीने जाऊ इच्छितात आणि बागायतदार एकीलाच बोलावतो. दुसरीचे पैसे कशाला? पट्ट्यात बेशुद्ध लटकलेला माणूस फार वेळ तसाच राहिला तर तेवढ्यानेही दगावू शकतो, हे उंचावरच्या कामात सर्वांना ठाऊक आहे. खाली कुणीतरी हवे, ज्याला उतरवता येते असे कुणीतरी. तेव्हा दुसरी बाई ही गप्पांची सोबत नव्हे, ती सुरक्षेच्या साधनाचाच भाग आहे आणि तिचा मोबदला दरात धरला पाहिजे. विमा उतरवला म्हणून हे टाळता येणार नाही. विमा पडल्यानंतर कामाला येतो.

आमच्या शिबिरातल्या वीसजणींपैकी आज तिघी नियमित चढतात. तिघींनीही गावच्या वेल्डरकडून पायाचे पट्टे स्वतःच्या खर्चाने बदलून घेतले आहेत, आणि ज्या संस्थेने शिबिर घेतले तिच्या अहवालात या बदलाचा उल्लेख नाही. उरलेल्या सतराजणींच्या नावापुढे "रस नाही" असे लिहिले आहे. त्या सतराजणींना आम्ही एकेक करून भेटलो. रस नसलेल्या त्यात दोघी निघाल्या. बाकीच्यांनी सांगितले ते पाऊल हलत होते, पट्टा मिळाला नाही, यंत्र नवऱ्याच्या नावावर आहे आणि तो ते भाड्याने देतो, जोडीला कुणी घेत नाही.

हे सगळे आम्ही सह्यांनिशी लिहून दिले आहे. पुढच्या शिबिरात यंत्रागणिक पट्टा हवा, तो निदान तीन मापांत हवा, यंत्र बाईच्या नावावर हवे, आणि पहिला दिवस जमिनीवर राहून यंत्र अंगाला जुळवण्यासाठी द्यावा, एवढीच मागणी आहे. साहेबांनी कागद वाचून विचारले, "इतकी मापे घेऊन ठेवायची, आणि बायका आल्याच नाहीत तर?" पुढच्या शिबिराची तारीख ठरली आहे. आम्ही सतराजणींना घेऊन जाणार आहोत, आणि बरोबर शिंप्याची टेपही नेणार आहोत.