न दिसणाऱ्या कामाचे गुणदोष

पत्ते म्हटले की आजही अनेक घरांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. जुगाराशी जोडले गेलेले ते नाव सहजासहजी सुटत नाही. परंतु पत्त्यांची जादू ही वेगळी विद्या आहे, आणि तिच्यापुढे एक विलक्षण अडचण आहे. गायकाचा सूर ढळला तर श्रोत्याला कळतो. जादूगाराचे उत्तम काम मात्र तेच, जे कोणालाही दिसत नाही. मग त्याचे गुणदोष सांगावेत कोणी?

या प्रश्नाचा विचार करताना डाय व्हर्नन यांचे नाव टाळता येत नाही. १८९४ साली कॅनडातील ओटावा येथे जन्मलेले हे गृहस्थ ९८ वर्षे जगले. १९६३ साली हॉलिवूडमध्ये 'मॅजिक कॅसल' हा जादूगारांचा क्लब सुरू झाला, तेव्हापासून पुढे अनेक वर्षे होतकरू कलावंत तेथे त्यांच्या शेजारी बसून आपले हात तपासून घेत. सारे त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. हाताची हालचाल स्वाभाविक असावी, हा त्यांचा आग्रह होता.

तो किती मूलगामी आहे, हे 'डबल लिफ्ट'वरून ध्यानात येते. वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटायचे, इतकीच ही क्रिया. नवशिक्या ती आरशापुढे शेकडो वेळा करतो. पत्ते सुटत नाहीत म्हणून समाधान पावतो. परंतु एक पत्ता उलटताना त्याची बोटे सैल असतात आणि दोन उलटताना ताठरतात. क्षणभर नजरही हाताकडे वळते. रोखपाल नोटा मोजतो तेव्हा त्याच्या बोटांकडे कोणी पाहत नाही. तोच अडखळला की रांगेतील प्रत्येकाची मान वर होते! आरसाही येथे पुरता साथ देत नाही, कारण नेमक्या चोरट्या क्षणी आपल्याच नकळत पापणी लवते आणि दोष पाहायचा राहून जातो.

म्हणूनच दुसऱ्याचे डोळे लागतात. मात्र जाणकाराचे डोळे एका अर्थी बिघडलेले असतात. कोठे पाहायचे हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याला दिसते. सामान्य प्रेक्षकाला ते दिसेलच असे नाही. याच्या उलटही घडते. कोणतीही जादू तीनदा पाहिली की आपण ती ओळखू, असे हुदिनी सांगत असत. १९२२ साली शिकागो येथे व्हर्नन यांनी त्यांना एक प्रयोग दाखविला. हुदिनींनी सही केलेला पत्ता मध्ये खुपसला की पुन्हा वर येई. तीनहून अधिक वेळा पाहूनही त्यांना उलगडा झाला नाही. त्यांच्यापाशी ज्ञान कमी नव्हते. अडचण खरी तर त्या ज्ञानाचीच होती.

तेव्हा सल्ला देणाऱ्याने पहिल्यांदा कोरा प्रेक्षक होऊन पाहावे आणि हात दुसऱ्या वेळी तपासावेत. "जमले नाही" या शेरेबाजीतून काहीच हाती लागत नाही. "पत्ता उलटण्यापूर्वी तुझे बोलणे थांबले" हे वाक्य मात्र महिनाभराचे काम देऊन जाते. चारचौघांत "मला कळले!" असे ओरडणे म्हणजे निव्वळ स्वतःचे प्रदर्शन होय, त्यात मुलाचा हिरमोड होतो आणि गुपितही उघडे पडते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने त्यानंतर पत्ते कपाटात टाकले, तर ते पुन्हा बाहेर निघतीलच असे नाही. घरच्यांची सरसकट वाहवाही तितकीच निरुपयोगी, फक्त ती गोड लागते.

ऐकणाऱ्याची कसोटी याहून अवघड असते. "तुम्ही चुकीच्या बाजूला बसला होतात" हे उत्तर ओठांवर तयारच असते. कोन खरोखर चुकीचा असेलही. पण प्रेक्षक कोठे बसेल हे जादूगाराच्या हाती थोडेच असते? एखादी मावशी सांगते, "काय केलेस ते कळले नाही रे, पण तेव्हा काहीतरी केलेस खरे." जादूतले ओ की ठो न कळणाऱ्या बाईचे हे बोलणे हसण्यावारी नेले जाते. वास्तविक याहून कठोर आणि याहून उपयुक्त परीक्षण दुसरे नाही. अशा वेळी खुलासा न करता एवढेच विचारावे, "तेव्हा म्हणजे नक्की केव्हा, मावशी?" आणि पंधरा दिवसांच्या सरावानंतर तोच प्रयोग अगदी नव्या माणसापुढे करावा. त्याचीही नजर त्याच क्षणी हाताकडे वळली, तर दोष अद्याप तेथेच आहे.