कलमाची किंमत 500 रुपये?

3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवतंय ना? दापोली-मंडणगडात जुनी कलमं मुळासकट आडवी झाली. सरकारने मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली. आकडा ऐकायला मोठा. पण दहा-दहा मीटरवर लावलेली बाग म्हणजे हेक्टरी 100 कलमं. झाडामागे 500 रुपये! नवीन कलम फळ धरायला पाच-सहा वर्षं घेतं. तोवर खायचं काय?

वणव्याचं तर आणखी वाईट. फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा मोजतो. आगीचा रकानाच नाही.

आमच्याकडे जमीन गुंठ्यात असते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: मदत झाडामागे द्या, उत्पन्न सुरू होईपर्यंत दरवर्षी द्या, वणवाही त्यात धरा. मतं मागायला याल तेव्हा याचं उत्तर घेऊनच या.